अन्नाची लाज

अन्नाचा वीट येणे निराळे व अन्नाची लाज वाटणे निराळे. वीट जिभेचा असतो, लाज मनाची असते. आणि जे मनाचे आहे त्याचा झाडा ख्रिस्ती मनुष्यास द्यावाच लागतो. हा विचार मजपुढे कसा आला ते सांगतो.

मागे माझ्या मातोश्री गावाहून आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. एके शनिवारी त्यांनी खाटकाकडून बकऱ्याची वजडी आणविली. आमच्या घरी ती कित्येक वर्षांत शिजली नव्हती. गरम पाण्यात बुडवून, चुना लावून, सुरीने खरवडून त्यांनी ती पांढरी स्वच्छ केली, हळदमीठ घालून पुष्कळ वेळ शिजविली, आणि कांदालसणाच्या मसाल्यात तिचे कालवण करून भाकरीबरोबर वाढले. थोरला मुलगा ताट पाहून म्हणाला, “आजी, हे गरिबांचे खाणे. शाळेत कळले तर मुले हसतील.” मातोश्री काही बोलल्या नाहीत. आपले ताट मात्र त्यांनी हळूच बाजूस ओढून घेतले.

मुलाला रागे भरण्यास माझे तोंड उघडेना. कारण वजडी आमच्या घरातून कोणी घालविली? मीच. सेमिनरीतून पाळक होऊन आल्यावर, पाहुण्यांस काय वाटेल या भयाने, मीच ती बंद केली होती. मुलाने माझाच धडा मला म्हणून दाखविला.

यावर कोणी म्हणेल, आपल्या वाडवडिलांनी काही खाणे टाकले ते योग्यच नव्हे काय? होय. 1927 साली महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला, तो योग्यच होता. कारण त्या मांसाबरोबर गावाने गळ्यात बांधलेला अपमानही खावा लागत असे. परंतु अपमान झुगारणे एक, आणि ज्यांनी तो सोसला त्यांचीच लाज धरणे दुसरे. पहिल्याने मान ताठ होते. दुसऱ्याने आपण आपल्या आईकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

शास्त्र काय शिकविते? वल्हांडणाचे कोकरू डोके, पाय व आतडी यांसुद्धा भाजावे, अशी आज्ञा निर्गमाच्या 12 व्या अध्यायात आहे. अनुवादाच्या 18 व्या अध्यायात लोकांच्या यज्ञपशूतील याजकाचा वाटा सांगितला आहे: फरा, दोन्ही गालफडे आणि कोठा. पाहा, ज्या कोठ्याची वजडी होते तो देवाच्या सेवकाचा हक्काचा भाग होता, आणि मी पाळक होताच त्याचीच लाज धरली! पेत्राला यापो येथे चादरीचे दर्शन झाले, तेव्हा तो कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. त्या दर्शनाने त्याला प्राण्यांपेक्षा माणसांविषयीच अधिक शिकविले. लागलीच त्याला कर्नेल्याच्या घरी जावे लागले. जो ताटाला नाक मुरडतो तो पुढे ताट वाढणाऱ्यालाही नाक मुरडतो.

तर मग प्रत्येकाने सर्व काही खाल्लेच पाहिजे काय? नाही. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्यास व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास हिणवू नये, असा बोध आहे. ज्याचे मन कचरते त्याच्यावर जुलूम नको. मात्र त्याने स्वतःस एक प्रश्न करावा: हेच अन्न एखाद्या साहेबाच्या मेजावर असते तर मी नाकारले असते काय? उत्तर ‘नाही’ असे येईल, तर तो विवेक नव्हे, अभिमान होय.

त्या दिवशी मी मुलांदेखत आपली चूक मातोश्रींजवळ कबूल केली आणि त्यांच्या ताटाशेजारी आपले ताट ठेविले. थोरल्याने एक घास खाल्ला, मग भाकरी मागून घेतली. धाकट्या मुलीस ती रुचली नाही; तिला कोणी आग्रह केला नाही. पण तीही आजीला खेटून बसली आणि वजडी कशी खरवडतात ते विचारू लागली. तेव्हा मातोश्रींचा चेहरा मी पाहिला.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही झोपडीझोपडीतून फिरता. तेथे तुमच्यापुढे जे येईल ते गरिबाने आपल्या मुलांच्या तोंडचे काढून दिलेले असते. तुमचे प्रवचन तो कदाचित विसरेल. तुम्ही त्याच्या घरी कसे जेवलात हे विसरणार नाही.