अस्सल, नक्कल आणि लिउलीछांग

बीजिंगच्या आतल्या शहराच्या जुन्या तटबंदीबाहेर, एकेकाळच्या होपिंगमन वेशीच्या दक्षिणेस लिउलीछांग नावाची जी पेठ आहे, तिच्या करड्या विटांच्या भिंती, रंगविलेल्या तुळया आणि सोनेरी अक्षरांच्या पाट्या पाहून आपण छिंग बादशाहीच्या ऐन अमदानीत येऊन पोहोचलो, अशी कोणाही प्रवाशाची समजूत व्हावी. परंतु ज्या दर्शनी भागांसमोर तो कौतुकाने उभा राहतो, त्यांतील बहुतेक १९८०च्या सुमारास जुनी घरे पाडून नव्याने उभारलेले आहेत. हे कळल्यावर फसगत झाल्यासारखे वाटणे साहजिक आहे. फसगत नेमकी कशात झाली, हे मात्र नेटाने विचारू लागले की प्रश्न इमारतींपुरता उरत नाही. वस्तूचे सत्यत्व तिच्या द्रव्यात असते की ती घडविणाऱ्या परंपरेत, या पुरातन वादापर्यंत तो जाऊन भिडतो.

मिंग अमलात येथे राजवाड्याच्या छपरांसाठी झिलईदार कौले भाजण्याचा सरकारी कारखाना होता. पुढे भट्ट्या हलल्या, ग्रंथविक्रेते आले, आणि राजधानीत सरकारी सेवेच्या परीक्षेसाठी येणाऱ्या उमेदवारांचा व मुत्सद्द्यांचा राबता सुरू झाला. १७७३ मध्ये छ्येनलोंग बादशहाने समस्त चिनी वाङ्मयाचा महासंग्रह सिद्ध करण्याचे फर्मान काढले, तेव्हा संपादक पंडित दुर्मिळ ग्रंथांच्या शोधात याच दुकानांतून हिंडत. (त्याच मोहिमेत आक्षेपार्ह ठरलेले हजारो ग्रंथ जप्त करून नष्ट करण्यात आले, हे बादशहाच्या विद्याप्रेमाचे गोडवे गाताना विसरू नये.) १९०५ साली ती परीक्षापद्धतीच रद्द झाली; कुंचला, शाईची वडी, शाई उगाळण्याचा दगड आणि कागद यांचा व्यापार मात्र चालू राहिला.

या पेठेतील रोंगबाओझाय ही पेढी १६७२ मध्ये निराळ्या नावाने स्थापन झाली व १८९४ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. लाकडी ठशांवर पाण्यातील रंगांनी चित्रांच्या नकला छापणे ही तिची ख्याती. मूळ चित्राचे रंगच्छटांनुसार पृथक्करण करून प्रत्येक छटेसाठी स्वतंत्र ठसा कोरायचा. मग मुद्रकाने त्या ठशावर कुंचल्याने रंग चढवायचा, किंचित ओलसर केलेला कागद त्यावर अलगद पालथा घालायचा आणि ताडाच्या काथ्याने मढविलेल्या घोटणीने पाठीमागून तो असा घासायचा की शाई कागदात भिनावी, पण फुटू नये. रंग कोठे दाट हवा आणि कोठे विरळ, हे ठशात कोरलेले नसते; ते हाताला ठाऊक असावे लागते. ‘हान शीझायची रात्रमैफल’ या प्रख्यात गुंडाळीचित्राच्या नकलेसाठी १६६७ ठसे लागले. चित्रकार स्वतःच्या चित्रासाठी जेवढा काळ देत नाही, तेवढा येथे नक्कलकारांनी दिला.

आता यातील मौज अशी की ज्याला आपण येथे ‘मूळ’ म्हणतो, ते राजवाड्याच्या संग्रहालयातील चित्रच बहुतेक तज्ज्ञांच्या मते दहाव्या शतकातील गू होंगझोंगच्या हातचे नसून त्याची सोंग काळात केलेली नक्कल आहे. चिनी सुलेखनाचा मुकुटमणी मानलेली, वांग शीझीने ३५३ मध्ये लिहिलेली ‘लानथिंग’ प्रस्तावना तर परंपरेनुसार थांग सम्राट ताइझोंगबरोबर त्याच्या थडग्यात गेली. पुढील तेरा शतके विद्यार्थ्यांनी गिरवल्या त्या सर्व नकलाच. मूळ नाहीसे झाले आणि परंपरा अखंड राहिली.

रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेवणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच की भिन्न, असा प्रश्न बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजापुढे ठेवला होता, आणि त्या संवादाचे प्राचीन भाषांतर चिनी त्रिपिटकातही आहे. ज्योत तीच नव्हे, निराळीही नव्हे, हे उत्तर नक्कलकारांच्या या देशाला परके वाटले नसावे. आपल्यालाही वाटू नये. भाद्रपदात शाडूची नवी मूर्ती घरी आणणारा भाविक तिच्या अस्सलपणाचा दाखला मागत नाही. प्राणप्रतिष्ठेपूर्वी ती माती, नंतर देवता. चिनी बौद्धांतही मूर्तीचे नेत्रोन्मीलन विधिपूर्वक व्हावे लागते. दुकानाच्या फळीवरील क्वानयिन बोधिसत्त्वाची मूर्ती तोवर विक्रीचा मालच असते.

मात्र या न्यायाने सर्वच नकला निर्दोष ठरवणे म्हणजे आळशीपणा होईल. बीजिंगच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत काश्याच्या कोऱ्या बुद्धमूर्तींना रसायनांनी हिरवा गंज चढवून त्या शतकानुशतके जुन्या म्हणून विकण्याचा धंदा चालतो. तेथे मूर्तीची नक्कल होत नाही, तिच्या आयुष्याची होते. आणि तीही ज्याच्या शिकवणीत मृषावाद वर्ज्य आहे, त्या बुद्धाच्या मूर्तीच्या बाबतीत. ठशाने छापलेले चित्र आपण ठशाचे आहोत हे उघड मुद्रेने सांगते. गंजाचा लेप हेच एक दडवतो.

पेठेच्या नव्या दर्शनी भागांविषयी माझे मत त्यामुळे मधल्या मार्गाचे नाही. भिंती पुन्हा बांधता आल्या. ज्या परीक्षार्थींमुळे व ग्रंथपारख्यांमुळे ही पेठ नांदती होती, त्यांची वंशावळ तुटली, आणि भिंतींनी ती तुटलीच नाही असा आव आणला. रोंगबाओझायच्या घोटणीची वंशावळ चालू आहे. लिउलीछांगला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने म्हणून एखादी छापील नक्कल नक्कल म्हणूनच, पूर्ण दाम मोजून घ्यावी; जुनेपणासाठी मात्र एक युआनही अधिक देऊ नये.