तिकीट नसलेल्याची वास्तुकला

जबलपूरच्या एम्पायर टॉकीजचा विषय निघाला की तिथले लोक हटकून नट प्रेमनाथवर येतात. पोरवयात तो फुकट सिनेमा पाहायला भिंतीवरून चढला, पकडला गेला, हाकलला गेला. 'एक दिवस हे थिएटरच घेईन' म्हणाला आणि मोठेपणी खरंच मालक झाला, असं सांगतात. परवा एका स्नेह्यांनी हीच गोष्ट पुन्हा रंगवली आणि मी वैतागलो. इंग्रजी अमदानीत उभं राहिलेलं थिएटर, आज त्याचे भग्नावशेष. आणि आपल्या गाठीशी काय, तर नटाचा किस्सा! 'गोष्ट आहे म्हणून तर एम्पायर आठवतं,' ते म्हणाले. असेल, पण गोष्टीनं छप्पर शाकारलं जात नाही. मुंबईचं ऑपेरा हाउस 1993 साली बंद पडलं आणि 2016 मध्ये पुन्हा उघडलं, ते किश्शांवर नव्हे. त्यामागे कारागिरांची आणि जाणकारांची मेहनत होती.

माझा जुना हट्ट असा, की थिएटर दोन कामं करतं: दाखवतं आणि वेगळं बसवतं. पहिल्या कामाबद्दल सगळे भरभरून बोलतात. दुसरं काम जिने, दारं आणि कठडे मुकाट्यानं करतात. बाल्कनीवाल्याचा जिना निराळा, पुढच्या बाकड्यांचं दार निराळं. मध्यंतरातसुद्धा खांद्याला खांदा लागायला नको. (मुंबईचं 1933 चं रीगल थिएटर चार्ल्स स्टीव्हन्सनं बांधलं, त्याच्या वडिलांनी व्ही.टी. स्टेशन. बापलेकांच्या दोन्ही वास्तूंत माणूस कुठे बसणार हे तिकिटावरून ठरायचं. हे निव्वळ विषयांतर, पण मला ते आवडतं.)

आता हाच निकष एम्पायरला लावला, तर माझी पंचाईत होते. सर्वांत कमी दराच्या तिकिटाच्याही पलीकडे एक वर्ग असतो: बाहेरचा. त्याच्यासाठी वास्तुविशारद काय योजतो? भिंत. आणि एम्पायरच्या त्या भिंतीचा पत्ता शैली-सनावळ्यांच्या नोंदीत लागायचा नाही. तो लागतो स्नेह्यांच्या त्या किश्शात. खरा असो वा तिखटमीठ लावलेला, इमारत कोणाला आत घेत नव्हती हे तोच सांगतो. मालक झाल्यावर प्रेमनाथनं भिंत पाडली, असं मात्र त्यात कोणी घालत नाही. तिकिटं फाडायची तर भिंत हवीच.

तेव्हा एम्पायरचा नकाशा कोणी काढणार असेल, तर रंगमंचाची मापं सावकाश घ्यावीत. आधी कुंपणाची उंची घ्यावी, तिकीटखिडक्या मोजाव्यात, कुठला जिना कुठल्या दारात उतरत होता ते पाहावं. आणि स्नेह्यांना सोबत न्यावं. कुठून चढायचं, हे त्यांनाच ठाऊक असणार.