नुरा कुस्ती

संगीत, कुस्ती आणि चित्रपट या तिहींचा शौक एकाच वेळी बाळगणारा रसिक आमच्याकडे दुर्मीळ नाही. कोल्हापूर, इंदूर, बडोदे या संस्थानांत गवई आणि मल्ल एकाच राजाश्रयावर पोसले गेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास १९१२ साली खासबागेचे कुस्तीमैदान आणि १९१५ साली पॅलेस थिएटर अशी दोन स्थळे शेजारी शेजारी उभारली. अल्लादियाखाँसाहेबही त्यांच्याच दरबारचे गवई. तेव्हा मातीचा आणि सुरांचा शौक एकाच माणसात नांदावा, यात नवल ते काय?

नवल आहे ते या रसिकाच्या न्यायबुद्धीचे. बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर आले की त्यास कोणी लबाडी म्हणत नसे. उलट त्यांच्या नेसण्याची तऱ्हा घरोघरच्या स्त्रिया उचलीत. पडद्यावर नायिका ओठ हलविते आणि गळा दुसरीचा असतो, हेही आम्ही निमूटपणे स्वीकारले आहे. १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून हिंदी चित्रपटात ही प्रथा रुजली, आणि आज तिच्यावाचून चित्रपट ही कल्पनाच आम्हांस करवत नाही. परंतु हाच रसिक कुस्तीच्या फडात गेला आणि निकाल आधीच ठरला होता असे त्यास कळले, की तो संतापतो. ‘नुरा कुस्ती’ हा आमच्या भाषेत तिरस्काराचा शब्द आहे; राजकारणातही आपण तो शिवीसारखाच वापरतो. एके ठिकाणी जे नाट्य, तेच दुसऱ्या ठिकाणी कपट कसे ठरते?

याचे सोपे उत्तर असे की नाटकगृहात आम्ही लटके पाहावयासच जातो आणि आखाड्यात खरे पाहावयास. मातीतल्या कुस्तीपुरते ते पुरेसे आहे. जेथे इनाम लागलेले असते, तालमीची अब्रू पणास लागलेली असते, तेथे ठरवून पाठ टेकणारा मल्ल वचनभंगच करतो. पण दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींना लोटणारी गर्दी काय पाहावयास जात होती? फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ याने १९५७ च्या आपल्या पुस्तकात असल्या कुस्तीवर एक मार्मिक निबंध लिहिला आहे. त्याचे म्हणणे असे की हा खेळ नव्हेच, हे एक दृश्य आहे. तेथे प्रेक्षकास निकालाच्या खरेपणाशी कर्तव्य नसते, त्यास दुष्टपणा, यातना आणि न्याय ही ढळढळीतपणे पाहावयाची असतात. आम्हांस हे पटते. दारासिंग आखाड्यातून चित्रपटात गेले, १९६२ साली तर ‘किंगकाँग’ नावाच्याच चित्रपटाचे नायक झाले, आणि १९८७ मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मारुतिराय होऊन घरोघर पोचले. त्यांच्या चाहत्यास हे तीन वेगळे दारासिंग वाटले नाहीत.

मग असत्य कोठे उरले? आमच्या मते ते सोंगात नसते. सोंगाआड कोणास लपविले, यात असते. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातील एका गाण्याने देश वेडा झाला. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते ते ‘कामिनी’, म्हणजे कथेतल्या पात्राचे. गाणारी कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. त्या श्रोत्यांचे आम्हांस कौतुक वाटते. ओठ मधुबालेचे असण्यास त्यांची हरकत नव्हती. कष्ट जिचे, तिचे नाव त्यांना हवे होते. मिली व्हॅनिली या जोडीस १९९० साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते काढून घेण्यात आले, कारण तबकडीवरील आवाज त्या दोघांचा नव्हताच. सारा राग मिरविणाऱ्या त्या दोन तरुणांवर निघाला. ज्यांनी खरोखर गायिले त्यांची नावे किती चाहत्यांस आठवतात? आणि ज्या निर्मात्याने हा घाट घातला त्यास कितीसे शब्द लागले?

कुस्तीच्या बाबतीत हे लपविणे अधिक गंभीर होते, कारण तेथे देह असतो. निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते. ज्या पाठीवर मल्ल आदळतो ती त्याचीच असते. अमेरिकेत १९८९ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या संस्थेने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगितले की आमच्या लढती ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे. हे सत्यनिष्ठेपोटी घडले असे कोणी समजू नये. सरकारी नियमन आणि कर यांतून सुटका हवी होती. ‘हे सारे लटके आहे’ या वाक्याचा असाही उपयोग होतो.

पुढे दहा वर्षांनी, २३ मे १९९९ रोजी, कॅन्सस सिटीच्या एका सभागृहात ओवेन हार्ट हा मल्ल एका विनोदी मुखवट्याच्या सोंगात छतावरून दोरीने आखाड्यात उतरावयाचा होता. दोरीची कडी सुटली आणि तो सुमारे चोवीस मीटरांवरून खाली कोसळला. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांस तो खेळाचाच भाग वाटला. यात त्यांचा दोष काय? ज्या सोंगाने त्यांना वर्षानुवर्षे आनंद दिला, त्यानेच त्यांची खरी किंकाळी ओळखण्याची शक्ती बोथट केली होती. आम्ही मघाशी बार्थचे म्हणणे पटते असे लिहिले, ते येथपर्यंतच. यातनांचे चित्र पाहण्याचा हक्क ज्याने तिकीट काढून मिळविला आहे, त्याने चित्र संपून यातना केव्हा सुरू झाली याकडे डोळा ठेवावयास नको काय? आमचे एक स्नेही म्हणतात की हे ओझे प्रेक्षकावर घालणे अन्याय आहे, ते व्यवस्थापकाचे काम. पण व्यवस्थापकाने त्या रात्री काय केले ते नोंदलेले आहे. ओवेन हार्टला रुग्णालयात हलविले आणि पुढच्या लढती चालू राहिल्या. तो मरण पावल्याचे निवेदकाने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांस सांगितले. सभागृहात बसलेल्यांस ते सांगण्यात आले नाही. ते उरलेल्या लढतींना दाद देत राहिले.