दीर्घकाळ कोणाच्या मालकीचा?

पत्ते मोजून ब्लॅकजॅक खेळणाऱ्याबद्दल एक समजूत पक्की असते: त्याला पुढचा पत्ता कळतो, म्हणून तो जिंकत राहतो. प्रत्यक्षात त्याला पुढचा पत्ता कळत नाही, आणि जिंकतो त्याहून अधिक डाव तो हरतो. कधी पत्ता घ्यायचा आणि कधी थांबायचं याच्या ठरलेल्या नियमाबरहुकूम खेळणारा माणूस शंभर डावांपैकी साधारण ४३ जिंकतो, ४८-४९ हरतो आणि उरलेले बरोबरीत सुटतात. मोजणाऱ्याचे आकडेही जवळपास हेच असतात. पैसे कधी जास्त लावायचे एवढंच त्याला इतरांपेक्षा अधिक कळतं.

रुलेटच्या चाकाला मागचं काही आठवत नाही. ब्लॅकजॅकमध्ये मात्र वाटलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, त्यामुळे गेलेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की अधिक एक. दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की उणे एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितके मोठे पत्ते अजून यायचे आहेत. ते खेळाडूच्या फायद्याचे, कारण पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता जमला तर दीडपट पैसे मिळतात. शिवाय १६ वर अडकलेल्या डीलरला नियमाने आणखी एक पत्ता घ्यावाच लागतो, आणि मोठा पत्ता आला की तो २१ च्या पलीकडे जाऊन हरतो. एमआयटीत शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने तिथल्या आयबीएम ७०४ संगणकावर याचा हिशेब मांडला आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ या पुस्तकातून तो सगळ्यांसाठी खुला केला.

हा हिशेब बिनचूक आहे. तरीही त्यावर जगणं अवघड का, ते आकडेच सांगतात. न मोजता पण नियमाने खेळलं तर कॅसिनोचा वरचष्मा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. मोजणी जमली की पारडं खेळाडूकडे झुकतं, पण जेमतेम एक टक्का. एका डावाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, मात्र लावलेल्या रकमेच्या १.१५ पट. सोयीसाठी दर डावाला १०० रुपयेच लावले असं धरू. १०,००० डावांनंतर अपेक्षित कमाई होते १०,००० रुपये, आणि चढउतार ११,५०० रुपयांचा. म्हणजे तासाला १०० डाव या वेगाने १०० तास एकही चूक न करता खेळलेल्या पाच जणांपैकी एक जण तेव्हाही तोट्यात असेल. ४०,००० डाव झाले की ही शक्यता चार टक्क्यांवर येते. खऱ्या खेळात रकमा कमीजास्त होतात, त्यामुळे हेलकावे याहून मोठेच बसतात.

खरा पेच इथे आहे. त्या पाचव्या माणसाला आपण हिशेबात चुकतोय की नुसतं नशीब फिरलंय, हे कळायला काहीच मार्ग नाही. याउलट दुसरा कोणी असा असेल की जो गबाळं खेळूनही नफ्यात आहे आणि स्वतःला हुशार समजतोय. निकालावरून निर्णयाची पारख करायची आपली सवय इथे दोघांनाही फसवते. हरणारा वैतागून रक्कम वाढवतो, जिंकणारा फुशारून. दोघंही आपला एक टक्का स्वतःच्या हाताने घालवतात.

यावरचा तोडगा बेल लॅबमधल्या जॉन केली यांच्या १९५६ च्या सूत्रात होता, आणि थॉर्प यांनी तो टेबलावर आणला: फायद्याच्या प्रमाणात भांडवलाचा ठरावीक हिस्साच लावायचा. एक टक्क्याच्या फायद्याला तो हिस्सा पाऊण टक्क्याच्या आसपास येतो. इतकं सांभाळूनही, हे सूत्र पुरेपूर पाळणाऱ्याचं भांडवल कधी ना कधी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता पन्नास टक्के असते. शहाणे खेळाडू म्हणून त्याच्याही निम्मंच लावतात. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या गाजलेल्या संघांनी एकत्र पैसा उभा करून अनेक टेबलांवर माणसं बसवली, त्यामागेही हेच गणित होतं. एकट्याला वर्षं लागतील एवढे डाव संघ काही महिन्यांत खेळतो.

कॅसिनोला हा खटाटोप करावा लागत नाही. त्याच्या शेकडो टेबलांवर एका रात्रीत हजारो डाव होतात, म्हणून त्याचा दीर्घकाळ रोज संध्याकाळी सुरू होऊन पहाटे पुरा होतो. पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर बसणाऱ्याच्या वाट्याला काहीशे डाव येतात. तेवढ्यात मोजलं काय अन् न मोजलं काय, निकाल बहुतांशी नशिबाचाच. आणि जो चिकाटीने दीर्घकाळ गाठू पाहतो, त्याला तो गाठूच दिला जात नाही. मनातल्या मनात मोजणं अमेरिकेत गुन्हा नाही, पण नेवाडातला कॅसिनो मोजणाऱ्याला टेबलावरून उठवू शकतो. पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तशी बंदी घालायला मनाई केली. मग कॅसिनोंनी कॅट वाढवले, पत्ते लवकर पिसायला सुरुवात केली. पुढे अनेक टेबलांवर दीडपटीऐवजी पाचास सहा असा मोबदला आला, आणि एवढ्या एका बदलाने मोजणाऱ्याचा सगळा टक्का गिळला.

महाभारतात मात्र नुसती विद्या पुरते. वनपर्वातल्या नलाला ऋतुपर्ण राजाने अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकवलं. ऋतुपर्ण तोच, ज्याने धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं मोजून दाखवली होती. विद्या मिळाल्यावर नलाने भाऊ पुष्कराशी द्यूतात हरलेलं राज्य एकाच डावात परत जिंकलं. महाकाव्याला हे परवडतं. सर्वस्व एका डावावर लावणाऱ्याला ज्ञान वाचवू शकत नाही, कारण ज्ञानाचं फळ हजारो डावांत विखुरलेलं असतं आणि ते वेचायला आधी टिकून राहावं लागतं.

थॉर्प स्वतः पुढे शेअर बाजाराकडे वळले. आज आपल्याकडे घरोघरी मोबाइलवर तसाच डाव मांडलेला आहे. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. उरलेल्या सात टक्क्यांत जाणकार किती आणि नशीबवान किती, हे त्यांच्या नफ्यावरून ठरत नाही. म्हणून यापुढे कोणी आपल्या कमाईचं तंत्र सांगू लागला, तर कमावले किती हे विचारू नका. डाव किती झाले, आणि दर डावाला भांडवलाचा कितवा हिस्सा पणाला होता, हे दोन प्रश्न विचारा. उत्तरं नसतील तर त्याचं तंत्र ऐकण्यात वेळ घालवू नका.