वरखर्च

गृहस्थाश्रमाला आपल्या परंपरेने कधी कमी लेखले नाही. इतर तिन्ही आश्रम ज्याच्या आधाराने उभे राहतात तो हा आश्रम, आणि म्हणून घर घेणे, घर राखणे ही कर्मेही धर्माच्याच कक्षेत येतात. मग ते घर गोदाकाठी असो, वा समुद्रापलीकडे दुबईत, जिथे 2002 पासून परदेशी माणसाला ठरावीक भागांत पूर्ण मालकीची सदनिका घेता येते. अशा घराचा संकल्प करणाऱ्यांनी एका शब्दापाशी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. तो शब्द म्हणजे वरखर्च. किमतीचा आकडा आपण दिवसरात्र मनात घोळवतो, वरखर्च मात्र ‘ते पुढचे पुढे’ म्हणून बाजूला सारतो.

यज्ञ दक्षिणेवाचून पुरा होत नाही. समिधा, तूप, मंत्र सारे यथासांग झाले तरी दक्षिणा दिल्याशिवाय फळ यजमानाच्या पदरात पडत नाही; ती यज्ञावरची भर नव्हे, यज्ञाचेच अंग. वरखर्चाचे नेमके तेच आहे. दुबईत किंमत चुकती केली म्हणून घर आपले होत नाही. तिथल्या भूमी विभागाच्या दप्तरी नाव चढते तेव्हा ते आपले होते, आणि त्या नाव चढण्याचे मोल आहे किमतीच्या 4 टक्के. नियमाने ते खरेदीदार आणि विक्रेता यांनी निम्मे-निम्मे सोसायचे, रिवाजाने मात्र सगळे खरेदीदाराच्याच माथी येते. मुंबईत 6 टक्के मुद्रांक शुल्क भरून सरावलेल्याला हे जड वाटणार नाही. पण त्यामागोमाग दलालीचे 2 टक्के आणि त्या दलालीवर 5 टक्के मूल्यवर्धित कर, 5 लाख दिरहमपासून पुढच्या घराला नोंदणी करून देणाऱ्या अधिकृत कार्यालयाचे 4,000 दिरहम व त्यावरही कर, मालकीपत्राचे 580, शिवाय बांधकाम कंपनीचा ना-हरकत दाखला, अशी रांग लागते.

वरखर्चाचा दुसरा पदर मर्यादेचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठी फसगत इथेच होते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकी डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते, आणि या कामासाठी इथली बँक कर्ज देत नाही. म्हणजे जे जायचे ते आपल्या गाठीचेच जायचे. समजा, 9,00,000 दिरहमची सदनिका पसंत पडली. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला असल्याने हे होतात सुमारे 2,45,000 डॉलर. मर्यादेच्या आत, म्हणून यजमान निर्धास्त. पण नोंदणीचे 36,000, दलालीचे करासह 18,900, कार्यालयाचे 4,200 आणि मालकीपत्राचे 580, असे 59,680 दिरहम मिळवले की बेरीज 2,61,000 डॉलरांपलीकडे जाते. किमतीने पाळलेली मर्यादा वरखर्चाने ओलांडली! मग पत्नीलाही मालकीत घेऊन उरलेली रक्कम तिच्या खात्यातून पाठवावी, नाहीतर 1 एप्रिलची वाट पाहावी. आणि इसार देऊन बसलेल्या माणसाला मार्च किती लांब वाटतो, हे त्यालाच विचारावे.

याच शब्दात आणखी एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. काही रक्कम खर्च होत नाही, तरी हातून जाते. वर्षभरात 10 लाख रुपयांवर जे बाहेर पाठवाल त्यावर बँक 20 टक्के कर आधीच गोळा करते. दिरहमचा भाव 24 रुपये धरला तर वरच्या उदाहरणात सुमारे 2 कोटी 30 लाख रुपये जातात, आणि पती-पत्नी दोघांची 10-10 लाखांची सूट वजा करूनही 42 लाखांच्या आसपास रक्कम सरकारजमा होते. ती आपल्या प्राप्तिकरात वळती होते, उरली तर परत मिळते, पगारदाराला मालकाकडून होणाऱ्या करकपातीतही ती दाखवता येते; पण घराचे पैसे मोजायच्या दिवशी ती आपल्याजवळ नसते. याच्या उलट बँकेच्या विनिमय दरातला फरक कुठल्याच पावतीवर वेगळा दिसत नाही आणि परतही येत नाही: दिरहममागे 25 पैसे जास्त गेले, तर 9,59,680 दिरहमवर 2,39,920 रुपये निमूटपणे गेले. दिसणारा वरखर्च माणूस घासाघीस करून कमी करतो. न दिसणाऱ्याशी घासाघीस करायला आधी तो दिसावा लागतो. म्हणून दोन-तीन बँकांचे दर एकाच दिवशी मागवावेत.

मिळवणे हा योग आणि मिळालेले राखणे हे क्षेम. वरखर्चाचा मोठा वाटा क्षेमाचा आहे आणि तो दरवर्षी येतो. इमारतीच्या देखभालीचे शुल्क चौरस फुटावर आकारतात. 700 चौरस फुटांना 15 दिरहम धरले तर वर्षाला 10,500 दिरहम, घरात कोणी राहो वा कुलूप असो. ‘तिथे प्राप्तिकर नाही’ हे वाक्य दलालाच्या तोंडी नेहमी असते आणि ते खरेही आहे. पण भारतात राहणाऱ्याचे तिथले भाडे इथे करपात्रच असते. शिवाय ते घर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागते, न दाखवल्यास 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा विवरणपत्राला जाणता सनदी लेखापाल लागतो, त्याचे शुल्कही याच वहीत लिहावे.

क्षेमाचा एक भाग आपल्या पश्चातचा. बिगर-मुस्लिमांना दुबईत आपले मृत्युपत्र नोंदवून ठेवता येते. ते नसेल तर वारसांना कागद भाषांतरित करून, साक्षांकित करून परक्या न्यायालयापुढे उभे राहावे लागते, आणि तो वरखर्च घर घेणाऱ्याऐवजी ते भरतात. मालकीपत्राच्या 580 दिरहमखालच्या ओळीत मृत्युपत्राच्या नोंदणीचे शुल्क लिहिलेले मी फारच थोड्या अंदाजपत्रकांत पाहिले आहे.