शब्द अडतात, चाल नाही

१८८६ साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली आणि दरबारातलं गाणं सर्वसामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचलं. गाण्याची अशी परंपरा असलेल्या शहरात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना भजनी मंडळात आवर्जून बसवायला हवं. नातवाचं नाव न आठवणारी आजी ओळखीची आरती सुरू झाली की टाळीचा ठेका चुकत नाही; तरुणपणी मुरलेली चाल बरीच उशिरा पुसली जाते. शिवाय मंडळात कुणी परीक्षा घेत नाही. शब्द अडला, तर शेजारी ओळ उचलून धरतो. आजार याने बरा होत नाही, पण अनेकदा घालमेल कमी होते, चेहरा खुलतो. तेव्हा घरीही अशा माणसांजवळ बसताना टीव्ही बंद करा, आवाज बेताचा ठेवा, आणि त्यांच्या आवडीचं गाणं त्यांच्यासोबत तुम्हीही म्हणा.