सोळा दिवे आणि हरवलेली खाली

काळ्या आभाळाखाली जांभळ्या रेघांची जाळी पसरलेली. क्षितिजावर आडव्या पट्ट्यांनी कापलेला गुलाबी सूर्य, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं आणि मधल्या रस्त्यावर पाठमोरी धावणारी लाल गाडी. सिंथवेव्ह हे नावही ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी हे चित्र कुठेतरी पाहिलेलं असतंच: टी-शर्टवर, गेममध्ये, एखाद्या चित्रपटाच्या पोस्टरवर. २००० नंतर काही तरुण संगीतकार, त्यांत फ्रान्समधले बरेच, १९८०च्या दशकातल्या सिंथेसायझरकडे पुन्हा वळले. त्यांच्या सुरांभोवती हळूहळू एक अख्खा मुलूख उभा राहिला. या मुलखाला भूगोल आहे, हवामान आहे, वाहनं आहेत. तिथे कायम सांजवेळ असते. माणसं मात्र फारशी दिसत नाहीत.

संगीताच्या एखाद्या जुन्या पंथाच्या रंगरूपावरून जग रचण्याचा हा खटाटोप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. कादंबरी, चित्रकथा, गेम अशा सगळ्या माध्यमांत तो चालू आहे. पण त्यातली बरीच जगं दोन पानांत विरतात आणि थोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकतील अशी वाटतात. हा फरक कशाने पडतो? माझ्या मते, ते जग काळाचं काय करतं यावर सगळं अवलंबून असतं. रंग, गाड्या, चकचकीत अक्षरं कुणालाही उचलता येतात. घड्याळ कसं चालेल, हे मात्र रचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

त्या लाल गाडीचंच पाहा. तिचं एक मूळ सेगा कंपनीच्या ‘आउट रन’ या १९८६च्या आर्केड गेममध्ये आहे. तो गेम रचणारे यू सुझुकी जपानी. रस्त्याकडेची दृश्यं गोळा करायला ते युरोपात गाडीने फिरले होते. म्हणजे आज ज्याला लोक सरसकट अमेरिकेचा किनारा समजतात, तो बराचसा एका जपानी माणसाने पाहिलेला युरोप आहे. खेळ सुरू होण्याआधी गाडीच्या रेडिओवर तीनपैकी एक गाणं निवडायचं आणि निघायचं. पुढे रस्त्याला फाटे फुटत जातात. एकूण पंधरा टप्पे, त्यांतले पाच पार केले की एक शेवट. वर कोपऱ्यात सेकंद सतत उतरत असतात. ते संपले की गाडी थांबते, खेळ संपतो. समुद्र, वारा, शेजारी बसलेली सखी, सगळं उसन्या वेळेवर चाललेलं असतं. त्या खेळातली धुंदी या उतरत्या आकड्यांतून येते, असं मला वाटतं.

नंतरच्या हजारो चित्रांनी गाडी घेतली, सूर्य घेतला आणि घड्याळ तेवढं गाळलं. त्यांतली गाडी कुठेच पोचत नाही, तिला उशीरही होत नाही. पाहायला ते सुंदर आहे, पण तिथे गोष्ट घडू शकत नाही.

काविन्स्की या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हँसाँ बेलोर्जे या फ्रेंच संगीतकाराला हे कळलेलं दिसतं. त्याने स्वतःभोवती एक पात्र रचलं. १९८६ साली एक तरुण टेस्टारोसा गाडीच्या अपघातात मरतो आणि २००६ साली प्रेत होऊन परत येतो, संगीत करायला. कथा एवढीच, पण तिच्यात वीस वर्षांचा खड्डा आहे. या माणसाला १९८६ आठवतं, त्यानंतरचं काहीच त्याने जगलेलं नाही. त्याचं ‘नाइटकॉल’ ऐकताना यंत्रातून आल्यासारखा तो जाड, थंड आवाज आपण मेलेल्याचा म्हणून ऐकतो, आणि त्या आवाजाला कारण मिळतं. २०११च्या ‘ड्राइव्ह’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजलं आणि जगभर पोचलं. गतकाळाची ओढ ही मेलेल्याची ओढ असते, हे त्या पंथाबद्दलचं सत्य त्याने एका पात्रात बसवलं.

रेघांच्या जाळीचाही असाच विचार करता येतो. त्या काळच्या संगणकांना पृष्ठभाग भरून रंगवणं फार जड जाई, म्हणून वस्तूंच्या नुसत्या कडा रेघांनी दाखवल्या जात. यंत्राची ती अडचण होती. आज तीच जाळी त्या जगाची जमीन झाली आहे. जग रचणाऱ्याने इथे थबकून विचारायला हवं: या जमिनीत काही उगवतं का? खोदलं तर खाली काय लागतं?

खाली काय आहे, हा प्रश्न डेट्रॉइटच्या दोघांनी अक्षरशः विचारला. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड हे ‘ड्रेक्सिया’ या नावाने इलेक्ट्रो संगीत करत. त्यांच्या १९९७च्या ‘द क्वेस्ट’ या संग्रहासोबतच्या मजकुरात एक कल्पना मांडली आहे. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकून दिलेल्या गरोदर आफ्रिकी स्त्रियांची बाळं पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असतील, तर? त्यांच्या वंशजांचं राष्ट्र म्हणजे ड्रेक्सिया. अटलांटिकमध्ये माणसं खरोखर फेकली गेली होती. १७८१ साली ‘झाँग’ जहाजावरून शंभराहून अधिक जिवंत माणसं विम्याच्या पैशांसाठी समुद्रात लोटली गेली. ड्रेक्सियाच्या संगीतातले बुडबुड्यांसारखे, दाबाखाली वाकल्यासारखे आवाज यामुळे त्या राष्ट्राचं हवामान होतात. इथला काळ गोठलेला नाही. तो इतिहासात तोडला गेला होता आणि पाण्याखाली पुढे चालू राहिला. २०१९ साली रिव्हर्स सॉलोमन यांची ‘द डीप’ ही कादंबरी याच कल्पनेच्या परंपरेत आली. स्टिन्सन २००२ सालीच गेले होते. जग रचणाऱ्यामागे ते दुसऱ्यांना राहायला मिळावं, यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही.

आता मुंबई. १९८२ साली चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे वादक. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. यातलं ३०३ हे बेस वाजवणारा साथीदार नसलेल्या गिटारवादकांसाठी बनवलेलं होतं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि मींडेची सवय असलेल्या कानाला ती ताबडतोब ओळखीची वाटते. तबकडी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले श्रोते चकित झाले, कारण शिकागोत पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अॅसिड हाउस’ म्हणून जे गाजलं, त्याच्याशी मिळताजुळता नाद इथे आधीच वाजून गेला होता. पहिलं कोण, हा वाद मला रुचत नाही. या तबकडीतून अजून कुणी जग रचलेलं नाही, याची मला जास्त हळहळ वाटते.

८०८ यंत्र जवळून पाहावं. खालच्या कडेला सोळा कळा: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळ्या, चार पांढऱ्या. ठेका सुरू झाला की दिवा पहिल्या कळेपासून सोळाव्यापर्यंत धावतो आणि परत पहिलीवर येतो. आपल्याकडच्या कुणालाही हे पाहून त्रिताल आठवेल: सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. फरक एवढाच की त्रितालाचा तिसरा विभाग खालीचा असतो. तिथे तबल्याच्या बायाँचा घुमारा जातो, टाळीऐवजी हात उलटा पडतो, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ येते आहे हे गाणाऱ्याला कळतं. ८०८च्या पिवळ्या कळांना असलं काही ठाऊक नाही. तिथे सगळेच विभाग भरीचे.

शिवाय ललित पहाटेचा, तोडी सकाळची, यमन संध्याकाळचा, मालकंस रात्रीचा, मेघमल्हार तर ऋतूचाच. या सगळ्यांना त्या तबकडीत एकाच न थकणाऱ्या ठेक्यावर बसवलं आहे. प्रहर आणि यंत्र यांची ही गाठ म्हणजे तयार कथाबीज आहे. त्याच शहरात, त्याच १९८२ सालच्या १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणगावाचा दिवस प्रहरांवर चालत नव्हता, तीन पाळ्यांवर आणि भोंग्यावर चालत होता. भोंगे थांबले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि बहुतेक कामगारांसाठी त्या खालीनंतर सम आली नाही.

असं शहर कल्पा, जिथे आकाश रागांप्रमाणे बदलतं आणि रस्ते ८०८प्रमाणे चालतात. तोडी वाजल्याखेरीज सकाळ होत नाही, पण ठेका कुणासाठी थांबत नाही, म्हणून कधी मालकंसाच्या मध्यरात्रीच पहिली पाळी भरते. गुलाबी सूर्य, ताड यांची इथे गरज नाही. गिरण्यांच्या चिमण्या आहेत, चाळीच्या गॅलऱ्या आहेत, ओळीने वाळत घातलेले कपडे आहेत, रंगीत दूरचित्रवाणीचं पहिलं वर्ष आहे. नायिका लालबागच्या बेंजो पार्टीत ताशा वाजवणाऱ्या कामगाराची मुलगी. यंत्राने स्टुडिओतल्या ताल वाजवणाऱ्यांची कामं कशी खाल्ली, हे तिने मामाच्या घरात पाहिलेलं. एके दिवशी ती शहराच्या मुख्य यंत्रापाशी पोचते आणि चार पिवळ्या कळांवरचा बेस काढून टाकते. शहराला पहिल्यांदाच खाली मिळते.

त्या चार मात्रांत कोण काय करतं, यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. कुणी झोपेल, कुणी मालकाच्या दारात जाईल, कुणी घाबरून पुन्हा कळा दाबायला धावेल. शहर समेवर परत येतं की नाही, हे लेखकाने ठरवायचं. फक्त १९८२ आठवणाऱ्या वाचकाला ते उत्तर आधीच ठरून गेल्यासारखं वाटता कामा नये, आणि तेच लिहायला सगळ्यांत अवघड जाईल.